‘तो तिथे पोहोचला कसा?’ : मोबाइल, टॉवर आणि बाईचा ठावठिकाणा

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातील भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



काल दिवसभर आपण घरातल्या हिंसेबद्दल बोललो. त्या बोलण्यात एक वाक्य पुन:पुन्हा आलं, “तो तिथे पोहोचला कसा?” बाई मैत्रिणीकडे राहायला गेली, दुसऱ्या दिवशी नवरा दारात. मुलगी मनाविरुद्धचं लग्न टाळून परगावी गेली, चार दिवसांत भाऊ आणि पोलीस हजर. उत्तरही प्रत्येक वेळी एकच, “मोबाइलवरून कळलं.” पण मोबाइलवरून म्हणजे नेमकं कशावरून? कुणाला कळतं, किती कळतं, आणि कळवतं कोण? इथे आलं की आपण थांबतो. यंत्राची गोष्ट ही आपली नव्हे, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

कायदाही एके काळी आपला नव्हता. ४९८ अ काय, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा काय, आपण एकेक कलम वाचून शिकलो आणि मग पोलीस ठाण्यात जाऊन शिकवलंही. तसंच आज हे यंत्र समजून घ्यायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. मोबाइल वाजायचा असेल तर तो कुठे आहे हे कंपनीला माहीत असावंच लागतं. त्याला इलाज नाही. पण ते लिहून ठेवणं, वर्षानुवर्षं जपणं आणि मागेल त्याला देणं ही यंत्राची गरज नाही. ते माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. आणि जिथे निर्णय आहेत तिथे ते कुणी घेतले, कुणाच्या सोयीसाठी घेतले, हे आपण विचारू शकतो.

फोनला आपण सापडतो कशा?

जुना काळा फोन तारेने भिंतीला बांधलेला असे. तो कुठे आहे हे विचारायची वेळच येत नसे. मोबाइलला तार नाही. तुमचा फोन आत्ता साताऱ्यात आहे की सोलापुरात, हे कसं कळायचं? दर वेळी देशातल्या सगळ्या टॉवरांवरून तुम्हाला हाका मारत बसलं तर सगळी व्यवस्था हाकांनीच भरून जाईल. म्हणून एक रीत घालून दिलेली आहे. ती आपल्याला अगदी ओळखीची वाटेल अशी आहे.

प्रत्येक टॉवरचा एक टापू असतो. त्याला सेल म्हणतात, त्यावरूनच सेलफोन हे नाव. त्या टापूला आपण वाडी म्हणू. अशा अनेक वाड्यांचं मिळून एक गाव केलेलं असतं. प्रत्येक टॉवर आपल्या गावाचा क्रमांक सतत पुकारत असतो, आणि तुमचा फोन पर्समध्ये गप्प पडला असला तरी तो ऐकत असतो. गाव बदललं की फोन स्वत:हून वर्दी देतो, “मी अमुक, आता इथे आले.” तुम्ही एसटीत डुलकी काढत असता आणि फोन वेशीवेशीवर वर्दी देत चाललेला असतो. वेस ओलांडली नाही तरी ठरावीक वेळाने “मी आहे इथेच” असं कळवत राहतो. रीतसर बंद केला तर “निघाले” असं सांगून जातो. ‘फोन बंद आहे’ आणि ‘संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे’ असे दोन वेगळे निरोप आपण ऐकतो, ते यातूनच.

ही वर्दी दोन वह्यांत लागते. पहिली माहेरची वही. ती कंपनीची कायमची वही. प्रत्येक सिमकार्डाला तुमच्या फोन नंबरपेक्षा वेगळा असा १५ आकडी क्रमांक असतो. या वहीत त्या क्रमांकापुढे तुमची नोंद असते आणि तुम्ही सध्या कुठल्या भागात आहात तेही असतं. दुसरी पाहुण्यांची वही. ती त्या त्या भागाची. आलेली पाहुणी कुठल्या गावात उतरली आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. ही नावं मी मनाने ठेवलेली नाहीत. होम लोकेशन रजिस्टर आणि व्हिजिटर लोकेशन रजिस्टर अशीच त्यांची मूळची नावं आहेत. पुढे फोर-जी आलं, नावं बदलली, वह्यांची रीत तीच राहिली.

आता तुम्हाला कुणी फोन लावला, की आधी माहेरच्या वहीत विचारणा होते. मग त्या भागाच्या वहीत. मग त्या गावातल्या सगळ्या वाड्यांत, कोतवालाने दवंडी द्यावी तशी, तुमच्या नावाची हाक जाते. हाक सगळ्या फोनना ऐकू जाते, ‘ओ’ फक्त तुमचा देतो. ज्या वाडीतून ‘ओ’ आली ती वाडी त्या क्षणी कळते, आणि मग घंटी वाजते.

म्हणजे फोन नुसता पडून असतो तेव्हा कंपनीला गाव माहीत असतं. बोललात, मेसेज आला-गेला, की वाडी कळते. साध्या बटणाच्या फोनच्या काळात हा फरक मोठा होता. स्मार्टफोन मात्र गप्प बसतच नाही. तुम्ही हात लावला नाहीत तरी व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, बातम्या यांची ये-जा चालू असते. त्यामुळे वाडी जवळजवळ सतत कळत राहते.

ही वाडी केवढी असते? शहराच्या दाट वस्तीत काहीशे मीटर, खेड्यापाड्यांत काही किलोमीटर. जुन्या जीएसएम पद्धतीत एका टॉवरचा टापू ३५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. टॉवरवर बहुधा तीन दिशांना तीन अँटेना असतात, त्यामुळे भाकरीचा कुठला तुकडा तेही कळतं. लहरींना जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतराचा अंदाज येतो. जीएसएममध्ये तो साधारण ५५० मीटरच्या टप्प्यांनी येतो, फोर-जीमध्ये साधारण ७८ मीटरच्या. दोन-तीन टॉवरांची मापं एकत्र केली की आणखी जवळ जाता येतं.

इथे एक गैरसमज दूर करू. “मी लोकेशन बंद करून ठेवलंय” असं बायका निर्धास्तपणे सांगतात. ते बटण उपग्रहाचं, जीपीएसचं. उपग्रहाकडे फोन काही पाठवत नाही, फक्त ऐकतो आणि आपली जागा आपणच काढतो. पुढे ती जागा कुणाला कळवायची तर अ‍ॅप कळवतात. ते बटण बंद केलंत तर अ‍ॅपना अडचण होईल, टॉवरला काही नाही. टॉवरची वर्दी चालूच राहते. सिम बदललं तरी हातातल्या यंत्राचा स्वत:चा १५ आकडी क्रमांक असतो, आयएमईआय, तो बदलत नाही. जुन्या यंत्रात नवं सिम घातलं तर दोघांची सांगड नोंदींमध्ये सहज सापडते.

वर्दी वेगळी, नोंद वेगळी

आत्तापर्यंत सांगितलं ते फोन वाजण्यापुरतं. त्यासाठी ‘सध्या कुठे’ एवढंच पुरतं. नवी वर्दी आली की जुनी पुसली तरी फोन वाजायला काही अडत नाही.

पण कंपनी आणखी एक चोपडी ठेवते. प्रत्येक कॉलची नोंद: कुणी कुणाला फोन केला, किती वाजता, किती वेळ, कुठल्या सिमवरून, कुठल्या यंत्रावरून, आणि सुरुवातीला व शेवटी फोन कुठल्या टॉवरच्या टापूत होता. पोलीस आणि वकील ज्याला सीडीआर म्हणतात ते हेच. आपण काय बोललो ते यात नसतं. पण रोज सकाळी १० ला कुठल्या भागातून, रात्री ११ ला कुठल्या भागातून, दर मंगळवारी दुपारी कुठे, हे महिनाभराचं एकाखाली एक मांडलं की बोलणं ऐकायची गरजच उरत नाही. बाई वकिलाकडे जाते, दवाखान्यात जाते, आपल्या केंद्रात येते, सगळं उमटतं.

हे किती दिवस ठेवायचं? भारतात सरकारच्या परवान्याची अट आहे. आधी निदान एक वर्ष अशी अट होती, २०२१ च्या डिसेंबरमध्ये ती निदान दोन वर्षं केली गेली. फोन चालावा म्हणून कुणी दोन वर्षांपूर्वीचा टॉवर विचारत नाही. ही मुदत सरकारने ठरवलेली आहे.

तिचा अर्थ काय होतो हे जर्मनीत एका माणसाने लोकांसमोर मांडून दाखवलं. माल्टे स्पिट्झ हा तिथल्या ग्रीन पक्षाचा राजकारणी. त्याने आपल्या फोन कंपनीवर दावा लावून स्वत:च्याच सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या. त्या ३५,८३० ओळी निघाल्या. २०११ मध्ये झाइट ऑनलाइनने त्या नकाशावर मांडल्या. तो केव्हा रेल्वेत होता, केव्हा झोपला, कुठल्या सभेला गेला, सगळं लोकांना पडद्यावर चालताना दिसलं. त्याआधीच, २०१० च्या मार्चमध्ये, जर्मनीच्या घटना न्यायालयाने नोंदी साठवायला लावणारा तिथला कायदा रद्द केला होता. २०१४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने तसा सगळ्या युरोपला लागू असलेला निर्देशही रद्द केला. त्या निकालांनंतरही तिथले फोन वाजतच राहिले. सांगायचा मुद्दा एवढाच की साठवणूक ही निसर्गाने लावलेली अट नव्हे.

मागतो कोण, देतो कोण?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०१८ साली कार्पेंटर खटला झाला. दरोड्यांच्या तपासात पोलिसांनी एका आरोपीच्या १२७ दिवसांच्या टॉवर-नोंदी घेतल्या होत्या, जागेचे १२,८९८ ठिपके. न्यायालयाने सांगितलं, अशा नोंदी हव्या असतील तर आधी न्यायाधीशाकडून वॉरंट घ्या. तुम्ही फोन वापरता म्हणजे तुमचा सगळा माग सरकारला देऊन टाकला, असा अर्थ होत नाही.

आपल्याकडे अशा नोंदींसाठी आधी न्यायाधीशाकडे जावं लागत नाही, पोलिसांची मागणी पुरते. २०१३ साली एका राष्ट्रीय नेत्याच्या कॉल-नोंदी बेकायदा काढल्याचं प्रकरण दिल्लीत गाजलं, तेव्हा गृह मंत्रालयाने नियम थोडे आवळले आणि मागणी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडूनच यावी असं केलं. पण ज्याच्या नोंदी काढल्या त्याला तसं कळवण्याची रीत नाही. तुमचा माग कुणी काढला हे तुम्हाला आयुष्यात कळणार नाही.

आणि जिथे साठा असतो तिथे चोरवाटही असते. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी कॉल-नोंदी बेकायदा मिळवून विकणाऱ्यांना पकडलं. अटक झालेल्यांत खाजगी गुप्तहेर होते. खाजगी गुप्तहेराकडे गिऱ्हाईक म्हणून कोण जातं हे इथे बसलेल्या सगळ्याजणींना माहीत आहे. बायकोवर संशय असलेला नवरा, आणि लग्नाआधी मुलीची ‘चौकशी’ करणारं घर. अमेरिकेत तर कंपन्यांनी ग्राहकांचा ठावठिकाणा मध्यस्थांना विकलाच. २०१९ मध्ये एका पत्रकाराने ३०० डॉलर मोजून फोनची जागा मिळवून दाखवली. २०२४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने मोठ्या कंपन्यांना मिळून सुमारे २० कोटी डॉलरचा दंड केला.

सरकारी पाळतीचंही बोलू. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये काही ध्वनिफिती प्रसिद्ध झाल्या. २००९ साली गुजरातेत पोलिसांनी एका तरुण स्त्रीवर पाळत ठेवली, असं त्यांवरून म्हटलं गेलं. गदारोळ झाल्यावर तिच्या वडिलांनी सांगितलं की मुलीची काळजी घ्या अशी विनंती आपणच केली होती. पुढे त्या कुटुंबाने चौकशी नको अशी भूमिका घेतली, चौकशीचे आयोग जाहीर झाले ते तडीला गेले नाहीत. त्या स्त्रीविषयी मला काहीच बोलायचं नाही, तिला एकटं राहू द्यावं हेच बरं. मला विचारायचं आहे ते दुसरंच. सज्ञान बाईच्या मागे पोलीस लावायला वडिलांची विनंती हे कारण पुरेसं आहे, असं इतक्या सगळ्यांना वाटलंच कसं? मुलगा असता तर हे उत्तर कुणी दिलं असतं का, आणि कुणी ऐकून घेतलं असतं का?

हरवलेली कोण, शोधलेली कोण?

आपल्या कामात याच प्रश्नाचा रोजचा चेहरा म्हणजे ‘मिसिंग’ची तक्रार. वीस-बावीस वर्षांची मुलगी घर सोडते. कधी आवडीच्या मुलाबरोबर, कधी एकटी, शिकायला, नोकरीला, किंवा नुसती मार चुकवायला. घरचे ठाण्यात जाऊन ती हरवल्याची तक्रार देतात. पोलीस टॉवर काढतात. ती सापडते. इथवर ठीक आहे. बाई खरोखर संकटात असेल, तिला विकायला नेलं असेल, तर हाच टॉवर तिला वाचवतो, आणि अशा केसमध्ये पोलीस टॉवर काढायला वेळ लावतात म्हणून आपण त्यांच्याशी भांडतो. ते भांडण योग्यच आहे.

प्रश्न आहे तो ती सापडल्यानंतरचा. तिने शांतपणे सांगितलं, मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने आले आहे, मला परत जायचं नाही, तर तक्रार तिथे संपायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने लता सिंह खटल्यात २००६ मध्ये, शक्ती वाहिनी खटल्यात २०१८ मध्ये आणि त्याच वर्षी हादिया प्रकरणात हे पुन:पुन्हा सांगितलं आहे की सज्ञान व्यक्तीच्या निवडीत घरच्यांना, जातीला, पंचायतीला हात घालता येणार नाही. शक्ती वाहिनीच्या निकालात तर अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय करा असं राज्यांना बजावलं आहे. तरीही ठाण्यात काय होतं? मुलीचा जबाब घ्यायच्या आधी भावाला फोन जातो, “सापडली, अमक्या ठिकाणी आहे.” कधी तर तपासाला जाणाऱ्या पोलिसांच्या गाडीतच भाऊ बसलेला असतो. टॉवरने सांगितलं ते पोलिसांना. भावाला सांगितलं ते माणसाने. तेव्हा भांडायचं तर त्या माणसाशी, आणि त्याला तसं करू देणाऱ्या व्यवस्थेशी.

कोर्टातही ही चोपडी पोहोचली आहे. कर्नाटकात एका नवऱ्याने घटस्फोटाच्या दाव्यात बायकोचे संबंध आहेत हे दाखवण्यासाठी एका तिऱ्हाईत पुरुषाच्या फोनचे टॉवर-तपशील मागितले. कुटुंब न्यायालयाने ते मागवायला परवानगी दिली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि म्हटलं, नवऱ्याच्या अशा सबबीवर तिऱ्हाइताच्या खाजगीपणावर घाला घालता येणार नाही. बायकाही नवऱ्याच्या नोंदी मागतात, आणि कधी त्यांना त्या लागतातच. म्हणून मी असं म्हणत नाही की नोंदी कधीच उघडू नयेत. कुणाच्या मागणीवर, कुठल्या कारणाने, किती दिवसांच्या, हे कुणीतरी तटस्थपणे तपासून मग उघडाव्यात.

इथे आपल्याच एका जुन्या घोषणेचा विचार करायला हवा. घरातली मारहाण ही खाजगी बाब नाही, असं आपण गेली चाळीस-पन्नास वर्षं सांगत आलो. मग आता आपण खाजगीपणा कसा मागतो? यात विसंगती नाही. आपण ज्याच्याविरुद्ध लढलो तो घराचा खाजगीपणा होता, म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचा. आता मागतो आहोत तो बाईचा, तिच्या एकटीचा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, त्यातही स्त्रीवादी टीकेची दखल आहे. खाजगीपणाच्या आडून पुरुषी वर्चस्व आणि अत्याचार झाकले जाऊ नयेत, असं त्यात म्हटलं आहे. हक्क माणसाचा, चार भिंतींचा नाही.

‘तुमच्याच सुरक्षेसाठी’

माग काढायच्या प्रत्येक योजनेला हल्ली बाईच्या सुरक्षेचं नाव देतात. सगळंच ढोंग असतं असं नाही. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर बरीच चर्चा होऊन २०१६ मध्ये नियम आला: १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये संकटाचं बटण हवं. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ आकडा दाबून धरायचा. ११२ ला हाक जाते, आणि ती कुठून आली हे कळलं नाही तर मदत येणार कशी? इथे ठावठिकाणा कळणं ही आपलीच गरज आहे.

पण या बटणात काय आहे ते नीट पाहा. दाबते कोण? बाई. केव्हा? तिला गरज असते तेव्हा. कशासाठी? मदत यावी म्हणून. मदत आली की काम संपलं. आता याच्याशेजारी दुसरी गोष्ट ठेवू. २०२५ च्या डिसेंबरमध्ये रॉयटर्सने बातमी दिली की स्मार्टफोनमधलं उपग्रहाचं लोकेशन कायम चालू राहावं, वापरणाऱ्याला ते बंद करता येऊ नये, असा दूरसंचार कंपन्यांचा प्रस्ताव सरकारच्या विचारात आहे. टॉवरवरून नुसता भाग कळतो, नेमकी जागा कळत नाही, ही तक्रार त्यामागे होती. फोन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी विरोध केला. यात बटण कुणाच्या हातात आहे? बाईच्या तर नाहीच.

हाच हिशेब कामाच्या ठिकाणी लावा. नागपूरसारख्या शहरांत सफाई कामगारांच्या हातात जीपीएसची घड्याळं बांधली गेली. नेमून दिलेला टापू सोडला की पगार कापला जाण्याची भीती. बायकांनी विचारलं, लघवीला गेलो तरी हे सांगणार का? हरियाणातल्या आशा ताईंच्या सरकारी फोनमध्ये २०२१ मध्ये एक अ‍ॅप घालायचं ठरलं. त्यांना वाटलं, हा आपल्यावर पहारा आहे. त्यांनी ते घ्यायला नकार दिला, आंदोलन केलं. या बायकांना कुणी तंत्रज्ञान शिकवलं नव्हतं. आपल्याला कोण बघतंय हे ओळखायला पदवी लागत नाही.

बाईच्या हाती फोनच नको म्हणणारेही आहेत. २०१६ मध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने अविवाहित मुलींना मोबाइलबंदी केली. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत स्वत: वापरते असा मोबाइल असलेल्या बाया जेमतेम ५४ टक्के होत्या. तेव्हा मी जे सांगते आहे त्यावरून ‘मोबाइल घातक, वापरू नका’ असा अर्थ कुणी काढू नये. काढून घेतलेला फोन आणि पाळतीचा फोन या एकाच दोरीच्या दोन गाठी आहेत. आपल्याला फोन हवाच आहे, आपल्या अटींवर.

केंद्रात बाई आली तर

आता रोजच्या कामाचं. लिहून घ्यायचं तर घ्या.

पहिलं, ‘मोबाइलवरून कळलं’ असं बाई म्हणाली की कुणाला कळलं ते विचारा. नवऱ्याला टॉवरच्या नोंदी सरळ मिळत नाहीत. त्याला कळतं ते बहुतेक वेळा हातातल्या यंत्रातून. फोन त्याने घेऊन दिलेला, गुगलचा पासवर्ड त्याला पाठ, लोकेशन शेअरिंग त्याच्याकडे चालू, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या यंत्राला जोडलेलं, कधी लपून बसवलेलं हेरगिरीचं अ‍ॅप. मुलांचा फोनही पाहा, त्यांच्या दप्तरात किंवा स्कूटरच्या डिकीत एखादा छोटा ट्रॅकर नाही ना तेही.

दुसरं, सिम कुणाच्या नावावर आहे ते विचारा. त्याच्या नावावर असेल तर कायद्याने ग्राहक तो. बिलात कुणाला फोन केले त्याची यादी तो बघू शकतो, डुप्लिकेट सिम काढू शकतो. नवं सिम बाईच्या नावावर, आणि जमेल तर यंत्रही वेगळं.

तिसरं, घाई करून सगळं एकदम बंद करू नका. रोज दिसणारं लोकेशन अचानक गेलं की तो चवताळतो. आधी जायची तयारी, कागदपत्रं, निवाऱ्याची जागा. मग फोन. निवाऱ्याला जाताना तो फोन घरून निघतानाच रीतसर बंद करायचा, निवाऱ्याच्या दारात पोहोचल्यावर नव्हे. शेवटची वर्दी कुठली लागली याला महत्त्व असतं.

चौथं, ही चोपडी आपल्याही उपयोगाची आहे. पाठलाग करणारा त्या रात्री तिच्या घराच्या भागात होता, हे त्याच्याच नोंदीतून दिसू शकतं. पाठलागाचा गुन्हा २०१३ पासून कायद्यात आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे, आणि बाईच्या फोन-ईमेलवर नजर ठेवणंही त्यात येतं. पण नोंदी कायम राहतात असं धरून चालू नका. तपास अधिकाऱ्याला लगेच लेखी अर्ज द्या, अमुक तारखांच्या नोंदी मागवून घ्या म्हणून.

पाचवं, तिच्याविरुद्ध टॉवरचा कागद दाखवला तर घाबरू नका. तो कागद एवढंच सांगतो की ते यंत्र त्या वेळी त्या टॉवरच्या टापूत होतं. कुठल्या घरात होतं, कुणाबरोबर होतं, यंत्र कुणाच्या हातात होतं, हे तो सांगत नाही. फोन नेहमी सगळ्यात जवळचा टॉवरच धरतो असंही नाही. मध्ये डोंगर आला, टॉवरवर गर्दी झाली, तर तो लांबचाही धरतो. वकिलाला हे विचारायला सांगा.

आपण काय मागायचं?

एक, सज्ञान बाई हरवल्याच्या तक्रारीत सापडली तर आधी तिचा जबाब, तोही घरच्यांच्या गैरहजेरीत. तिची संमती नसेल तर तिचा पत्ता, टॉवर, नवा नंबर तक्रारदाराला कळवायचा नाही. तक्रारदाराला उत्तर एवढंच, ती सुखरूप आहे आणि सज्ञान आहे. हे प्रत्येक ठाण्यात लेखी लावून घेऊ.

दोन, मागच्या काळातल्या टॉवर-नोंदी न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय उघडू नयेत. जीव धोक्यात असेल तर आधी उघडा, पण लगेच नंतर न्यायाधीशासमोर कारण मांडा.

तीन, जिच्या नोंदी काढल्या तिला तपास संपल्यावर तसं कळवा.

चार, दोन वर्षांची मुदत कुठल्या गरजेपोटी ठेवली ते सरकारने सांगावं, आणि ती कमी करावी.

पहिली मागणी आपल्या हातातली आहे. तिला दिल्लीला जावं लागत नाही. इथल्या प्रत्येक गटाने परत गेल्यावर आपल्या भागातल्या ठाण्यात निवेदन द्यायचं, पोहोच घ्यायची, आणि महिन्याभरात सापडलेल्या मुलींचे जबाब कुणासमोर घेतले ते विचारून यायचं. पुढच्या बैठकीत प्रत्येक ठाण्याचं उत्तर आपण एकत्र मांडू. निवेदनाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे, जाताना प्रती घेऊन जा.